एकोणतीस मीटर नव्वद

मित्रांनो, माझ्या डबीवर ‘तीस मीटर’ असं ठळक अक्षरांत छापलेलं आहे. ते खरं नाही. मी एकोणतीस मीटर नव्वद सेंटिमीटर लांब आहे. हे मी आधीच सांगून टाकते, कारण हीच साधी गोष्ट वेळेवर कुणी कुणाला सांगितली नाही आणि त्यापायी एका मुलीचे फार हाल झाले.

मी एक जुनी टेप आहे. गाण्यांची नव्हे, मोजायची. माझा रंग पिवळा, आकडे काळे आणि दर मीटरला एक लाल आकडा. कारखान्यात मी जन्मले तेव्हा केसाएवढ्या बारीक काचेच्या तंतूंवर प्लॅस्टिकचा थर देऊन मला तयार केलं गेलं. मग एका मोठ्या रुळाखालून मला ओढत नेलं आणि अंगभर आकडे उमटवले. त्यानंतर मला एका गोल डबीत गुंडाळलं आणि बाजूला दुमडता येईल अशी मूठ लावली. शिंप्याच्या गळ्यातली मऊ टेप आणि सुताराच्या खिशातली खटकन आत पळणारी पोलादी टेप या माझ्या बहिणी. त्या नाजूक कामांच्या. मी मात्र मोठ्या मापांची. एका जागी बसून माझं काम होत नाही. एक माणूस या टोकाला लागतो आणि दुसरा त्या टोकाला.

मला विकत घेतलं ताडपत्र्या शिवणाऱ्या एका कारखान्यानं. लांबलचक पत्र्याचा हॉल होता. गुळगुळीत फरशीवर निळी, हिरवी ताडपत्री पसरलेली असायची आणि तिच्यावरून सगळे अनवाणी चालायचे. एका भिंतीला शिवणयंत्रं, दुसऱ्या भिंतीला कडांना पितळी कड्या ठोकायचं यंत्र. तापलेल्या प्लॅस्टिकचा वास कपड्यांत इतका मुरायचा की कामगार घरी गेले तरी तो त्यांच्या मागोमाग जायचा.

तिथं कापणीच्या कामावर एक बाई होती. तिची मुलगी तिला आई म्हणायची, म्हणून मीही आईच म्हणते. दिवसभर ती गुडघ्यांवर चालायची. त्यासाठी तिनं ताडपत्रीच्याच तुकड्यांची जाड गुडघेपट्टी शिवून घेतली होती. कुणी विचारलं, काय काम करता, तर ती म्हणायची, “शिंपीणच आहे मी. गिऱ्हाईकं जरा जाड आहेत एवढंच. ट्रक, गोदामं, मांडव.” असं म्हणून स्वतःच हसायची. तिचं माप कधी चुकलं नाही. मालकसुद्धा दुसऱ्यानं कापलेला तुकडा पुन्हा मोजायचा, तिचा मोजायचा नाही. त्या वर्षांत माझंही खूप कौतुक झालं. टेप म्हणून मला त्याहून काही नको होतं.

मग एके दिवशी तिनं मला कापलं.

मोठं काम आलेलं होतं. सलग तीन दिवस सगळ्या जणी जादा वेळ थांबल्या होत्या. तिचे डोळे जड झाले होते. ताडपत्रीखाली माझं टोक दुमडून गेलेलं तिला दिसलं नाही आणि कात्री एका दमात ताडपत्रीसकट माझ्यावरून गेली. सात सेंटिमीटरच्या पुढं, तेही तिरपं. मालक ओरडला नाही. नवी टेप आणू, ही टाकून दे, एवढंच म्हणाला. ती माझ्याकडे बघत बसली. स्वतःच्या हातून झालेलं नुकसान टाकून द्यायला तिचं मन घेईना. जेवणाच्या सुट्टीत तिनं मला दहाच्या रेघेवर सरळ छाटलं. वजाबाकीला दहा सोपे पडतात म्हणून. मग मूळची कडी गेली होती तिथं ताडपत्रीची एक पट्टी दोन्ही बाजूंनी दुमडून शिवली आणि त्या पट्टीत एक पितळी कडी ठोकून घेतली. कडीची बाहेरची कड बरोब्बर दहाच्या रेघेवर. पट्टीखाली माझे पुढचे वीस-एक आकडे झाकले गेले. वरून बघणाऱ्याला मी धडधाकट दिसायचे, उलट जरा जास्तच मजबूत.

अशी मी तिच्या घरी आले. दोन खोल्या, दारामागं एक हुक, हुकाला कापडी पिशवी, पिशवीत मी.

तिची मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. लांब उडी मारायची. आई तिला नाकतोडा म्हणायची, कारण ती घरातही सरळ चालत जात नसे. पायरी असली की तीन पायऱ्या एकदम, डबकं असलं की त्याच्यावरून. पाण्याच्या टाकीमागं एक मैदान होतं. तिथं वाळूचा एक खड्डा आणि त्याच्या अलीकडं जमिनीत पुरलेली एक लाकडी फळी. धावत यायचं, फळीवर पाय द्यायचा आणि उडायचं. पाय फळीच्या पुढं गेला तर उडी बाद. फळीच्या मागं पडला तर तेवढं अंतर फुकट, कारण मोजतात ते फळीपासूनच.

आठवड्यातून तीन दिवस, आई कामावरून सुटली की, आम्ही तिघी मैदानावर. मुलगी उडी मारायची. वाळूत उमटलेल्या खुणेपाशी ती एक खिळा रोवायची, माझी कडी त्यात अडकवायची आणि तिथंच वाळूत फतकल मारून बसायची. फळीपाशी आई गुडघे टेकायची, मला ताणून धरायची, आकडा बघायची. मग क्षणभर तिचे ओठ हलायचे. त्या क्षणात ती दहा वजा करायची. त्यानंतरच आकडा मोठ्यानं सांगायची.

मुलीला वाटायचं, आई मुद्दाम ताणते आहे. ती ओरडायची, “आई, उगाच भाव खाऊ नको, सांग पटकन.”

आईनं वजाबाकीचं कधी सांगितलं नाही. लपवायचं असं काही नव्हतं. सांगायची गरजच पडली नाही. स्पर्धेत पंचांच्या पोलादी टेपेनं मोजलं तरी आईच्याच आकड्यांच्या आसपास उडी यायची आणि आई माझी डबी थोपटायची. माझ्यासारख्या तुटक्या टेपेकडून ती खरं तेच काढून घ्यायची.

तीन वर्षांत मुलगी पंधराची झाली आणि तिची उडी चार मीटर एकाहत्तरवर आली. शाळेत खेळाच्या बाई होत्या. त्यांच्याकडं साठ मुलं होती. त्या मुलांचं धावणं, उडणं बघायच्या, मोजणं त्यांनी घरच्यांवर सोडलं होतं. त्यांनी सांगितलं की विभागाच्या संघात जायचं तर निवड चाचणीत चार ऐंशी लागतील. नऊ सेंटिमीटर कमी होते. आईनं स्वतःची बोटं जमिनीवर टेकवून नऊ सेंटिमीटर किती असतात ते दाखवलं आणि म्हणाली, “हे बघ, एवढंसं तर आहे. माझ्या कात्रीचा एक घास.”

त्यानंतर पंधरा दिवसांनी आईला ताप आला. साधाच वाटला. मग तो छातीत उतरला. मुलीचे बाबा इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होते. चादरी वाळवायच्या मोठ्या यंत्रावर ते दिवसभर उभे असत. त्याच इस्पितळात आईला ठेवलं होतं. अकराव्या दिवशी ती गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या पलंगावरची चादर धुवायला खाली आली. ती कोणती हे बाबांना कळलं नाही, कारण तिथं सगळ्या चादरी पांढऱ्याच असतात. हे ते एकदा मुलीला सांगत होते, म्हणून मला माहीत आहे.

मी सहा आठवडे हुकाला लटकून होते. बाबा कामावरून येत आणि खुर्चीत बसत. चपला काढायचंही त्यांना सुचत नसे. मुलगी शाळेतून येई, भात टाकी आणि दोघं समोरासमोर बसून जेवत. पायऱ्या ती एकेक करून चढायला लागली होती. मला ते पावलांच्या आवाजावरून कळायचं.

एका संध्याकाळी बाबाच उठले, पिशवी हुकावरून काढली आणि म्हणाले, “चल नाकतोड्या. निवडीला दोन महिने राहिलेत.” आईचं टोपणनाव त्यांच्या तोंडी नवीन होतं. दोघांनाही ते जरा टोचलं.

मैदानावर मुलीनं उडी मारली. सहा आठवडे सवय मोडलेली, तरी धावणं सरळ होतं आणि पाय फळीवर नेमका पडला. तिनं खिळा रोवला, माझी कडी अडकवली. बाबा फळीपाशी वाकले. त्यांनी मला नीट ताणलं, आकडा दोनदा बघितला आणि दिसला तसा वाचला.

“चार एक्याऐंशी.”

मित्रांनो, टेपेला तोंड नसतं. माझ्या अंगावरचे आकडे खरे होते. बाबांनी वाचलंही खरंच. चूक कुणाचीच नव्हती आणि तरीही त्या मैदानावर पहिल्यांदा माझ्यामुळं खोटं बोललं गेलं. उडी चार एकाहत्तर होती. आईच्या वेळेला होती तेवढीच, तसूभर जास्त नाही की कमी नाही.

बाबांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी हललं. त्यांनी मुलीकडं बघितलं, ती खूश होईल म्हणून. मुलगी वाळूतून उठली नाही. पुन्हा मोज म्हणाली. त्यांनी पुन्हा मोजलं. एक्याऐंशीच.

दुसऱ्या दिवशी खेळाच्या बाईंच्या यादीत तिच्या नावापुढं तो आकडा गेला. बाई म्हणाल्या की आता फक्त टिकवायचं, निवड झाल्यातच जमा आहे. सगळ्यांनी तिची पाठ थोपटली. दुःखातून कशी उभी राहिली पोरगी, असं कौतुक होऊ लागलं. आणि ते कौतुक जितकं वाढलं, तितकी ती आक्रसत गेली.

तिच्या मनात काय चाललं होतं ते मला एका दुपारी कळलं. ती मैदानाकडेच्या बाकावर बसून माझ्यावरची वाळू पुसत होती. शेजारी तिची मैत्रीण होती, अडथळ्यांच्या शर्यतीत पळणारी. मुलगी खाली बघत म्हणाली, “आई होती तेव्हा एकाहत्तर. आई गेली आणि दीड महिना सराव नाही, तरी एक्याऐंशी. म्हणजे मला काहीच झालं नाही का गं? लोकांना काय वाटत असेल?”

मैत्रीण म्हणाली, “लोकांना सेंटिमीटर कळत नाहीत.”

“मला कळतात.”

मैत्रिणीनं आपल्या बाटलीतलं पाणी पुढं केलं. मुलीनं ते घेतलं आणि मला गुंडाळत राहिली.

त्या दिवसापासून तिचा पाय फळीच्या मागं पडू लागला. आधी दोन बोटं, मग पाच-सहा बोटं. कुणाच्या ते लक्षात आलं नाही, कारण धावणं पूर्वीसारखंच वेगात असायचं. मला मात्र सगळं दिसत होतं. मी तर फळीवरच ताणलेली असायचे आणि तिच्या बुटाची खूण फळीच्या अलीकडं मातीत उमटलेली असायची. ती चुकत नव्हती. ती मुद्दाम करत होती. तिला एकाहत्तर हवे होते. आईनं मोजलेला शेवटचा आकडा. तो आला की ती गप्प उठायची, बूट झाडायची. त्याहून जास्त आला की दिवसभर तिचा चेहरा उतरलेला असायचा.

पण मित्रांनो, बाबांच्या वाचनातले एकाहत्तर म्हणजे खरे एकसष्ट. आईशी इमान राखायचं म्हणून ती आईच्या आकड्यापासून दहा सेंटिमीटर मागं सरकली होती, आणि हे तिला माहीतच नव्हतं. शिवाय शरीराला एकदा लबाडी शिकवली की ते ती विसरत नाही. एका महिन्यात तिचा पाय आपोआप मागं पडायला लागला. मग मनात असलं तरी तो फळीवर जाईना. खेळाच्या बाई एकदा मुद्दाम बघायला आल्या आणि म्हणाल्या, “तुझा पाय फळीला घाबरतोय. निवडीपर्यंत हे सुटलं नाही तर मी काही करू शकणार नाही.”

बाबांना वाटलं, पोरीला खाणं कमी पडतंय. ते अंडी उकडून आणू लागले. आधी एक, मग दोन. आकडा उतरत गेला तशी अंडी वाढत गेली. मुलगी निमूट खायची. बाबा धुलाईघरातून थकून आलेले असायचे, फळीपाशी वाकताना एक हात कमरेवर ठेवायचे आणि रोज तितक्याच काळजीनं मला ताणून तोच खोटा आकडा वाचायचे. मी तेव्हा फार दमले होते. ताणण्यानं टेप दमत नाही. पण चांगली माणसं आपल्यामुळं चुकतायत आणि आपण गप्प राहायचं, यानं दमायला होतं.

निवडीला आठ दिवस उरले होते. रविवार होता. आईच्या कारखान्यातली कड्या ठोकणारी मावशी मैदानावर आली. कारखान्यातल्या आईच्या कपाटात तिची गुडघेपट्टी राहिली होती, ती द्यायला घरी गेली तर कुलूप. शेजाऱ्यांनी मैदान सांगितलं. मावशी बोलकी, अंगानं जाड, हातोड्यानं बोटं चपटी झालेली. तिनं मुलीला जवळ घेतलं, वाळलीस म्हणाली, आणि मग एक उडी बघून जाते म्हणून बाजूला उभी राहिली.

मुलीनं उडी मारली. कडी अडकवली. बाबा वाकले.

“चार एकाहत्तर,” ते म्हणाले.

मावशी सहज म्हणाली, “दहा सोडून ना?”

“कुठले दहा?”

“अहो, टेपेचे.”

बाबांनी डबी उलटून बघितली. मावशीनं त्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. ती वाळूच्या खड्ड्यापाशी गेली, खाली बसली, कमरेच्या पिशवीतून दोरा कापायची छोटी कात्री काढली आणि माझ्या टोकाच्या पट्टीची शिवण उसवायला लागली. टाके आईचे होते, घट्ट. सुटायला वेळ लागला. पट्टी उलगडली तेव्हा कडीच्या लगेच पुढं अकरा हा आकडा निघाला. एक नाही, दोन नाही. सरळ अकरा.

तिघंही माझ्यावर वाकून तो आकडा बघत होते. मावशी हळूच म्हणाली, “तिच्याच हातून कापली गेली होती. मी तेव्हाच म्हटलं होतं, वर लिहून ठेव कुठंतरी. तर म्हणाली, कशाला, मोजणारी मीच आहे ना.”

मुलीच्या डोक्यात आकडे मागं मागं चालले होते, ते चेहऱ्यावरून दिसत होतं. मग तिनं विचारलं, “म्हणजे पहिल्या दिवशी, आपण दोघं आलो होतो तेव्हा, एक्याऐंशी नव्हते?”

“एकाहत्तर,” बाबा म्हणाले.

“आणि आज?”

बाबांनी टेपेवर बोट ठेवून दहा मागं मोजले. “एकसष्ट. मी तुला रोज दहा फुकट देत होतो, बाळा.”

यावर मुलगी हसली. हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती वाळूत बसून रडू लागली. आई गेल्यापासून ती अशी रडलेली मी पाहिली नव्हती. मग हुंदक्यांच्या मधून तुटक तुटक सगळं बाहेर आलं. उडी वाढली म्हणून लाज कशी वाटली. पाय मागं का ठेवला. बाबा ऐकत होते. त्यांच्या खिशात त्या दिवशीचं उकडलेलं अंडं होतं, ते चेपलं गेलं तरी त्यांना कळलं नाही.

“मला सांगायचंस ना,” ते शेवटी म्हणाले.

“कसं सांगणार, बाबा? तू आधीच किती दमलेला असतोस.”

बाबा तिच्याशेजारी वाळूत बसले. मावशीनं डोळे पुसले आणि म्हणाली, “तुझ्या आईला कळलं असतं ना, की पोरगी तिच्यासाठी आखूड उड्या मारतेय, तर तिनं तुला ताडपत्रीत गुंडाळून चारी कोपऱ्यांना कड्या ठोकल्या असत्या.” मुलगी रडतानाच पुन्हा हसली. या वेळी चेहरा वाकडा झाला नाही.

राहिलेले आठ दिवस ती पायाला जुनी वाट दाखवत होती. सोपं नव्हतं. कधी पाय फळीच्या पुढं जाऊन उडी बाद, कधी नेहमीसारखा पाच-सहा बोटं मागं. बाबा मोजायचे, दहा वजा करायचे. हिशेबात ते कच्चे होते, म्हणून बोटं मोजायचे. खरा आकडा सांगायचे, कमी असला तरी. एकही दिवस एकाहत्तर गाठले गेले नाहीत. पण आकडा ऐकून ती मान हलवायची आणि परत धावायला जायची.

निवडीच्या दिवशी मला काही काम नव्हतं. पंचांकडं त्यांची पोलादी टेप होती, अंगाला धक्का न लागलेली, शून्यापासून सुरू होणारी. मी बाबांच्या पिशवीत, कुंपणापाशी. पिशवीचं तोंड उघडं होतं, म्हणून मला दिसत होतं. प्रत्येकीला तीन उड्या. पहिल्या उडीला तिचा पाय बोटभर पुढं गेला. पंचानं लाल निशाण वर केलं. दुसऱ्या उडीला ती सावध झाली आणि पाय पुन्हा मागं पडला. चार अडुसष्ट. तिसऱ्या उडीच्या आधी ती बराच वेळ धावपट्टीवर उभी होती. कुंपणाकडं बघितलं नाही, आकाशाकडं बघितलं नाही. आपल्या पायांकडं बघत होती. मग धावली.

पाय फळीवर पडला. आवाजावरूनच मला कळलं. लाकडावर बूट नेमका आपटला की एक ठोस आवाज येतो, तो मी तीन वर्षं ऐकला होता.

चार शहात्तर.

ऐंशी नव्हे. संघाची यादी दुपारी लावली, तिच्यात तिचं नाव नव्हतं. खेळाच्या बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या वर्षीचं काहीतरी बोलल्या. तिनं मान डोलावली, बूट काढले, मोजे उलटे करून वाळू झाडली. बाबा जवळ आले. दोघं पायऱ्यांवर बसले.

मग ती म्हणाली, “बाबा, शहात्तर कधीच आले नव्हते.”

“हो.”

“आईला हा आकडा माहीतच नाही.”

समोर पंचांची माणसं टेप गुंडाळत होती, कुणीतरी वाळू सारखी करत होतं.

“मला माहीत आहे,” बाबा म्हणाले. “मी इथंच होतो.”

तिनं त्यांच्या दंडाला डोकं टेकलं. मी पिशवीत पडून होते. घरी जायची बस येईपर्यंत कुणीच हललं नाही.

मित्रांनो, आता माझी मूठ सैल झाली आहे आणि कडेचे तंतू निघू लागले आहेत. पण डबीवर मुलीनं जाड काळ्या शाईनं ‘दहा वजा करा’ असं लिहिलं आहे, तेव्हा मला कुणीही उचलावं, खुशाल मोजावं. तुमच्याही घरात एखादं दार असेल, जे जरा उचलून लावावं लागतं. एखादं घड्याळ असेल, जे पाच मिनिटं पुढं आहे हे फक्त आजोबांना ठाऊक आहे. एखादा नळ, एखादी कुलुपाची किल्ली. त्यांच्या खोडी ज्यांना माहीत आहेत, त्यांना आजच विचारून घ्या. तुम्हालाच माहीत असतील तर दुसऱ्या कुणाला तरी सांगून ठेवा. आणि मनात एखादा आकडा सलत असेल तर तो एकट्यानं मोजत बसू नका. मोजायला दोन टोकांना दोन माणसं लागतात, हे मी तुम्हाला स्वतःच्या अनुभवानं सांगते.

शिवाय एक छोटी विनंती. टेप वापरून झाली की गुंडाळण्याआधी कोरड्या फडक्यानं पुसा. वाळूचा एक कण आत राहिला तरी पुढचे कितीतरी दिवस खरखरत राहतं.